वर्षातल्या आवडत्या अल्बमांचा क्रम कसा लावावा

डिसेंबर लागला की याद्या येऊ लागतात. खरं तर त्याच्याही आधी, नोव्हेंबर संपायच्या आतच काही मोठ्या नियतकालिकांचे ‘वर्षातले सर्वोत्तम ५०’ जाहीर झालेले असतात. तुम्हाला स्वतःची यादी करायची असेल, तर ती पक्की होईपर्यंत यातली एकही उघडू नका. एखादा अल्बम चार ठिकाणी पहिल्या क्रमांकावर दिसला, की आपल्या यादीत तो सातवा लिहिताना हात अडखळतो. आणि तुमच्या वर्षात त्याची खरी जागा सातवीच असू शकते.

मी दरवर्षी दहा अल्बमांची यादी करते, एक ते दहा अशा क्रमाने. ‘क्रम कशाला, दहा नावं सांगून मोकळी हो’ असं मला बरेच जण म्हणतात. पण क्रम लावायला बसलं की प्रत्येक अल्बमपाशी थांबून विचार करावा लागतो, आणि तेच मला हवं असतं. सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: क्रम आठवणीवरून लावायचा नाही, पुन्हा ऐकून लावायचा. आठवणीत पूर्ण अल्बम राहत नाही. दोन गाणी राहतात, मुखपृष्ठ राहतं, आणि तो ज्या दिवसांत ऐकला त्या दिवसांची चव राहते. प्रवासात ऐकलेला अल्बम प्रवासामुळे मोठा वाटतो, आजारपणात ऐकलेला उगाच खाली जातो.

उदाहरणं मी २०२४ ची घेते. त्या वर्षी माझ्या यादीच्या वरच्या टोकाला अगदी वेगवेगळ्या जातीचे अल्बम होते आणि त्यांना एका ओळीत बसवणं सोपं नव्हतं.

आधी हद्द ठरवा

वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं, हे आधी ठरवून टाका. जानेवारी ते डिसेंबर हे सरळ उत्तर आहे, पण डिसेंबरात आलेला अल्बम त्यात मार खातो. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ ला स्वतःच्याच नावाचा अल्बम कसलीही पूर्वसूचना न देता आणला, तेव्हा कितीतरी याद्या छापून झाल्या होत्या. सिझाचा ‘एसओएस’ ९ डिसेंबर २०२२ चा. तो अनेकांच्या ऐकण्यात खऱ्या अर्थाने आला तो २०२३ मध्ये. ग्रॅमीवाल्यांचं वर्ष तर निराळंच असतं: २०२५ च्या सोहळ्यासाठी ते १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ असं होतं.

माझं वर्ष १ डिसेंबरला सुरू होतं आणि ३० नोव्हेंबरला संपतं. म्हणजे डिसेंबरात आलेल्या अल्बमाला पुढचं अख्खं वर्ष मिळतं, आणि मला यादीसाठी डिसेंबर मोकळा मिळतो. तुम्ही दुसऱ्या तारखा घ्या, हरकत नाही. फक्त त्या दरवर्षी त्याच ठेवा, नाहीतर एखादा लाडका अल्बम दोन वर्षांत दोनदा येतो आणि एखादा दोन्हींच्या फटीत हरवतो.

अल्बम कशाला म्हणायचं, हाही प्रश्न येतोच. ग्रॅमीचा नियम इथे कामाचा आहे: निदान पाच वेगवेगळे ट्रॅक आणि एकूण १५ मिनिटं, किंवा ट्रॅक कितीही असोत, एकूण निदान ३० मिनिटं. दुसऱ्या अटीमुळे ज्यात एकच राग पाऊण तास गायला आहे असं ध्वनिमुद्रणसुद्धा अल्बम ठरतं, आणि मला ते योग्य वाटतं. जुन्या अल्बमांची नव्याने काढलेली आवृत्ती मी घेत नाही. मैफलीचं ध्वनिमुद्रण मात्र घेते, ते त्या वर्षी पहिल्यांदाच बाहेर आलेलं असेल तर.

हल्ली आवृत्त्यांचा घोळ फार वाढला आहे. टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ १९ एप्रिल २०२४ ला १६ गाण्यांचा आला आणि दोन तासांत ३१ गाण्यांचा झाला. चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ ७ जूनचा, आणि त्याच गाण्यांचा, पण इतर कलाकारांना घेऊन पार बदललेला दुसरा अल्बम ऑक्टोबरात आला. मी पहिल्यांदा आलेली आवृत्ती धरते. मागाहून जोडलेली गाणी कितीही चांगली असली, तरी कलाकाराने अल्बम म्हणून जो आकार आधी समोर ठेवला तो ऐकायचा. ‘ब्रॅट’चं दुसरं रूप इतकं वेगळं आहे की मी ते स्वतंत्र अल्बम मानलं.

वर्षभर काय लिहून ठेवायचं

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्यामुळे शुक्रवार–शनिवार हे ऐकण्याचे आणि वही उघडण्याचे दिवस ठरवता येतात. वहीत मी दहापैकी गुण देत नाही. मार्चमधले आठ आणि ऑक्टोबरमधले आठ सारखे नसतात. वर्षाच्या सुरुवातीला हात सैल असतो, शेवटी आखडतो. गुणांऐवजी वाक्य लिहा. पहिल्या ऐकण्याचं एक, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ऐकल्यावर दुसरं. पहिल्याकडे न बघता दुसरं लिहा.

वाक्यात संगीतातली एखादी जागा यायला हवी. ‘सुंदर, गहिरा अल्बम’ असं लिहिलं तर डिसेंबरात त्यावरून काहीच कळत नाही. द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’बद्दल माझ्या वहीत असं आहे: ‘पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं. गायक येतो तेव्हा आपण आधीच त्याची वाट बघत असतो.’ एवढ्यावरून अख्खा अल्बम परत कानात उभा राहतो. पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यातला फरकही खूप सांगून जातो. पहिल्यात नुसत्या आवाजाबद्दल लिहिलेलं असेल आणि दुसऱ्यात एका ठरावीक गाण्यातल्या ठरावीक वळणाबद्दल, तर अल्बम तुमच्यात उतरतो आहे. दुसरं वाक्य सुचलंच नाही, तर त्यापुढे बारीक फुली मारून ठेवा.

आणखी एक खूण करा. ज्या महिन्यात तुम्ही त्या अल्बमाकडे आपणहून परत गेलात, त्या महिन्याचं आद्याक्षर त्याच्या नावापुढे लिहा. कुणी लावला म्हणून, आपोआप वाजला म्हणून नव्हे. स्वतः शोधून लावला असेल तरच.

ॲपचे आकडे कितपत धरायचे

वर्षअखेरीला स्ट्रीमिंग सेवा आपल्याला आपल्या ऐकण्याचा हिशोब दाखवतात, आणि तीच आपली क्रमवारी असं बऱ्याच जणांना वाटतं. हे आकडे कसे बनतात ते बघा. स्पॉटिफायवर एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ते मोजलं जातं. लास्ट एफएम या ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या सेवेवर निम्मं गाणं किंवा चार मिनिटं, यांपैकी जे आधी होईल ते. दोन्हीकडे मोजमाप गाण्याचं आहे, अल्बमाचं नाही. ‘ब्रॅट’मध्ये १५ गाणी आहेत आणि द क्युअरच्या अल्बमात आठ; प्रत्येकी एकदाच पूर्ण ऐकले तरी हिशोबात १५ विरुद्ध ८ होतात. वर ‘ब्रॅट’ लांबीने लहानच आहे. लांब गाण्यांचे अल्बम आवडणाऱ्यांना हा हिशोब कायम कमी दाखवतो.

शिवाय जानेवारीतल्या अल्बमाला अकरा महिने मिळतात आणि ऑक्टोबरातल्याला दोन. झोपताना लावलेलं, काम करताना मागे वाजत राहिलेलं, हे सगळं त्यात येतं. तबकडीवर किंवा सीडीवर ऐकलेलं येत नाही. सिंडी लीचा ‘डायमंड ज्युबिली’ मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा तो मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर नव्हताच. दोन तासांहून लांब असा तो अल्बम लोकांनी यूट्यूबवर अखंड ऐकला किंवा फाइली उतरवून घेतल्या. त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांच्या वार्षिक हिशोबात तो शून्य.

तेव्हा आकडे घ्या ते विसरलेली नावं आठवायला. एवढंच करायचं असेल तर ते फार उपयोगी पडतात. त्याहून पुढे जायचं असेल तर एकूण वेळा भागिले गाण्यांची संख्या असं करून अल्बम साधारण किती वेळा पूर्ण झाला ते काढा. माझा भरवसा मात्र वहीतल्या महिन्यांच्या अक्षरांवर जास्त आहे. एका आठवड्यात वेड्यासारखा ऐकलेला अल्बम आणि सहा वेगवेगळ्या महिन्यांत परत गाठलेला अल्बम यांत मला दुसऱ्याबद्दल जास्त खात्री वाटते.

पुन्हा ऐकण्याचे आठवडे

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि लोक तोच गाळतात.

वहीतून साधारण २५ नावं काढा. सरासरी ४५ मिनिटांनी धरलं तर हे जवळपास १९ तासांचं ऐकणं होतं. तीन आठवड्यांत पसरलं तर रोज एक अल्बम आणि काही दिवशी दोन. त्याहून घाई करू नका. कान थकला की सगळंच लांबलेलं वाटू लागतं आणि शांत अल्बमांवर अन्याय होतो.

प्रत्येक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, दिलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता ऐका. नाला सिनेफ्रोच्या ‘एंडलेसनेस’मध्ये दहा तुकडे आहेत, त्यांची नावंही ‘कंटिन्युअम १’ ते ‘कंटिन्युअम १०’ अशी. एक स्वरमालिका रूपं बदलत सगळ्यांतून वाहत राहते. तो गाणी मागेपुढे करून ऐकलात तर अल्बम ऐकलाच नाही असं समजा. हे टोकाचं उदाहरण झालं, पण कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक चांगल्या अल्बमात एक रचना असते: कुठे ताण वाढवायचा, कुठे मोकळं सोडायचं, शेवटी कुठे आणून ठेवायचं. द क्युअरने शेवटी दहा मिनिटांहून लांब गाणं ठेवलं आहे. ते सुटं ऐकलं तर संथ वाटतं. आधीच्या सात गाण्यांनंतर ते यावंच लागतं.

आवाजाची पातळी सगळ्यांना सारखी ठेवा. हे बारीक वाटेल, पण क्रमावर याचा परिणाम खरंच होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी असला की खर्जातले आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने आपल्या कानाला कमी ऐकू येतात. आवाज थोडा वाढवला की तेच ध्वनिमुद्रण भरदार आणि झळाळतं वाटतं. म्हणजे जो अल्बम मोठ्या आवाजात मास्टर केला आहे, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्कारात ज्याची पातळी चढी ठेवली आहे, तो आपोआप उजवा ठरतो. बहुतेक सेवांमध्ये आवाज समपातळीवर आणण्याची सोय असते, ती चालू ठेवा. हेडफोन किंवा स्पीकर जे असेल ते सगळ्या अल्बमांना एकच वापरा. मी तारेचे हेडफोन वापरते, रात्री, दिवा बारीक करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

ऐकताना एकच गोष्ट टिपा: हात पुढच्या गाण्याकडे कुठे गेला. पुढे जाऊ नका, पण गेला असता ती जागा मिनिटासह लिहा. एखादं गाणं कमकुवत असणं मला फारसं खुपत नाही. पण ती जागा अल्बमाच्या मध्यावर असेल आणि तिथून पुढे लक्ष परत येत नसेल, तर पहिली चार गाणी कितीही थोर असली तरी अल्बम खाली जातो. तीन अप्रतिम गाणी आणि बाकी भर असलेला अल्बम मी पहिल्या पाचांत घेत नाही. त्या तीन गाण्यांसाठी आवडत्या गाण्यांची वेगळी यादी आहे, तिथे त्यांना मानाने बसवा.

उशिरा आलेल्या अल्बमांकडे जरा जास्त लक्ष द्या. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. जानेवारीतला अल्बम वर्षभरात ओळखीचा होऊन बसलेला असतो आणि नोव्हेंबरातला अजून परका असतो. म्हणून माझा नियम आहे की चार वेळा पूर्ण ऐकल्याशिवाय कोणताही अल्बम यादीत जात नाही आणि यादीतून बाहेरही जात नाही. उलट जो जरुरीपेक्षा जास्त ऐकून विटला आहे, त्याला दोन आठवडे हातच लावू नका आणि मग एकदाच ऐका.

भाषा कळत नसेल तर? माझ्या मते एकदा शब्द आणि त्यांचा अर्थ समोर ठेवून ऐकावंच. अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ मी आधी केवळ आवाजासाठी ऐकत होते. मग त्यातली दोन गाणी माह लका बाई चंदा या अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या कवयित्रीच्या ओळींवर बांधली आहेत हे कळलं, त्या ओळी वाचल्या, आणि अल्बमातली ती शांतता मला वेगळीच ऐकू येऊ लागली. तो दोन जागा वर गेला.

दोघांना समोरासमोर बसवा

आता २५ मधून दहा उरले की खरा क्रम. दहांकडे एकदम बघून क्रम लावायचा नाही. एका वेळी दोनच घ्यायचे. सगळ्या जोड्या करायच्या तर दहा अल्बमांच्या ४५ होतात, तितक्या लागत नाहीत. एक अल्बम घ्या. दुसरा त्याच्या वर की खाली, ठरवा. तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक नवा अल्बम तयार झालेल्या ओळीच्या मधल्याशी ताडून बघा, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधल्याशी. दहावा अल्बम बसवायलाही जास्तीत जास्त चार तुलना लागतात आणि सगळं मिळून पंचवीसच्या वर जात नाही.

प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा, आणि तो आधी ठरवून वहीच्या पानावर वर लिहून ठेवा. ‘यातला चांगला कोणता’ हा प्रश्न फार सैल आहे. दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. माझा प्रश्न असा: यातला कोणता संपल्यावर लगेच दुसरं काही लावावंसं वाटत नाही? या प्रश्नाने वेगवेगळ्या जातीचे अल्बमही एका पट्टीवर येतात. नाचायला लावणारा ‘ब्रॅट’ आणि जवळजवळ न हलणारा ‘एंडलेसनेस’ यांत गायकी किंवा वादन ताडून बघण्यात काही अर्थ नाही, पण संपल्यावर माझं काय झालं हे दोघांबद्दल सांगता येतं.

कधीकधी चक्र होतं. अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर, आणि क मात्र अ च्या वर. मतदानात असं होऊ शकतं हे कॉन्दोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवलं होतं. तिथे मतदार अनेक असतात. एकट्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा प्रश्न गुपचूप बदललेला असतो. एका जोडीत शब्दांना कौल दिला, दुसऱ्या जोडीत ध्वनीला. म्हणून प्रत्येक निर्णयापुढे कारणाचे दोन-तीन शब्द लिहा, चक्र कुठे तुटतं ते लगेच दिसतं. तरीही सुटलं नाही तर ते तिन्ही एका दिवसाआड परत ऐका. नुसतं विचार करून ते सुटत नाही.

क्रम लागला की अंतरं बघा. न्यूयॉर्कच्या ‘द व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या ‘पॅझ अँड जॉप’ या समीक्षकांच्या मतदानात प्रत्येकाला दहा अल्बमांत १०० गुण वाटायचे असत; एका अल्बमाला कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३०. ही रीत मला फार आवडते. माझे २०२४ चे गुण असे पडले: २२, १७, १२, १०, ९, ८, ७ आणि शेवटच्या तिघांना ५-५. पहिले दोन ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘नाइट रेन’, तिसरा ‘एंडलेसनेस’. शेवटच्या तिघांना सारखेच गुण पडले, म्हणजे त्यांच्यातला क्रम कच्चा आहे. तिथे रात्र जागवू नका. पहिल्या दोघांत मात्र पाच गुणांचा फरक मनापासून द्यावासा वाटला, तेव्हा पहिली जागा पक्की झाली. याच मतदानात २०१४ साली डिअँजेलोचा ‘ब्लॅक मसायाह’ पहिला आला होता, आणि तो आला होता १५ डिसेंबरला. उशिरा आलेल्याला जागा ठेवण्याबद्दल मी एवढं का सांगते ते यावरून लक्षात येईल.

प्रत्येकाबद्दल चार ओळी

प्रत्येक अल्बमाखाली तीन-चार वाक्यं लिहा. वर्षभरातली वहीतली वाक्यं इथे हाताशी येतात. ‘जबरदस्त’, ‘अविस्मरणीय’, ‘काळजाला भिडणारा’ हे शब्द काढून टाकल्यावर जे उरतं ते बघा. वाद्याचं नाव घ्या, गाण्याचं घ्या, जागा सांगा. चौथ्या अल्बमाबद्दल पानभर सुचतं आहे आणि दुसऱ्याबद्दल एक ओळही निघत नाही असं झालं, तर त्या दोघांना परत समोरासमोर बसवा. दुसरा बहुधा नावाजलेला आहे म्हणून तिथे पोहोचलेला असतो.

मग आठवडाभर यादी बंद ठेवा, एकदा वाचा, तारीख घालून मित्रमंडळींना पाठवून द्या. पुढे जूनमध्ये मत बदललं तर मूळ क्रम खोडू नका, शेजारी नव्या तारखेने लिहा. आणि आता इतरांच्या याद्या उघडा. प्रत्येकीतून तुम्ही अजिबात न ऐकलेला एक अल्बम निवडा आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डिसेंबरात आलेले अल्बमही त्याच पानावर, त्यांच्या तारखांसकट.